शेवटच्या ओळीनंतर

प्रल्हाद बुधगावकर पाच आठवड्यांच्या झोपेतून जागे झाले, तेव्हा त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "अन्या, किती वाळलास रे." अनिरुद्ध ढसाढसा रडला. बंगळूरहून तो एवढ्यासाठीच आला होता. मग त्यांची नजर हर्षालीवर आली. परक्या बाईसमोर पुरुषमाणूस सावरतो तसे ते उशीवर सावरून बसले, अंगावरची चादर नीट केली आणि म्हणाले, "बसा ना ताई. उभ्या का?"

हर्षालीला वाटलं, चेष्टा करताहेत. माणूस तसा चेष्टेखोरच. सांगलीच्या तलावावर तीस वर्षं पोहायला शिकवण्यात गेली, निम्म्या गावाची पोरं त्यांनी पाण्यात ढकलली, आणि घरी आले की स्वतःच्या पोरीला विचारायचे, तू कोणाची गं, आमच्याकडे कधीपासून राहतेस? म्हणून ती त्यांच्या हसण्याची वाट बघत उभी राहिली. ते हसले नाहीत.

"मी हर्षाली, बाबा. तुमची मुलगी."

त्यांनी ओशाळून अनिरुद्धकडे पाहिलं. लग्नकार्यात कोणी फार ओळख दाखवावी आणि आपल्याला नावही आठवू नये, तसं झालं त्यांचं. ते घाबरत चालले, छातीला लावलेलं यंत्र वाजायला लागलं आणि डॉक्टर नसीम जमादारांनी हर्षालीच्या दंडाला धरून तिला हळूच बाहेर नेलं.

झालं होतं ते असं. चैत्रात बाबांना मेंदूज्वर झाला. ताप उतरला, माणूस वाचला, पण आठवणी गेल्या. कानशिलांच्या आत, दोन्ही बाजूंना, करंगळीएवढा एक भाग असतो. आठवण काही तिथे साठवलेली नसते. वास मेंदूत एकीकडे असतो, आवाज दुसरीकडे, चेहरा तिसरीकडे. हा भाग फक्त त्यांची गाठ मारून ठेवतो. तापानं ती गाठ सुटली. लहानपणीच्या फार जुन्या गाठी तेवढ्या घट्ट बसलेल्या असतात, त्या राहिल्या. बाकी तीस वर्षांचं सामान डोक्यात होतं, पण कशाचा कशाला पत्ता नव्हता.

मिरजेच्या त्या हॉस्पिटलात गाठी पुन्हा मारण्याचं यंत्र दोन वर्षांपूर्वी आलं होतं. माणसाला झोपवायचं, त्याच्या आयुष्यातला एकेक क्षण चित्र, आवाज, वास असा एकदम त्याच्यापुढे मांडायचा, आणि त्याच वेळी बाहेरून चुंबकाचे बारीक ठोके द्यायचे. डोक्यात विखुरलेले तुकडे त्या ठोक्याला जागे होतात आणि एकमेकांना धरतात. हे क्षण आणायचे कुठून, हा प्रश्न आता राहिला नाही. तीस वर्षांचे फोन, फोटो, घरातले कॅमेरे, मनगटावरची घड्याळं, सगळ्यांनी सगळं टिपून ठेवलेलंच असतं. हर्षाली आईच्या पोटात असताना बुधगावकरांच्या घरात पहिला कॅमेऱ्याचा फोन आला, तिथपासून सगळं होतं. यंत्र ते चाळून एका क्षणाची एक ओळ करतं. कधी, कुठे, कोण काय बोललं, नाडी किती पडत होती, असे रकाने. त्यांतला मुख्य रकाना माणसाचा. "गाठ मारायला खुंटी लागते," डॉक्टर जमादारांनी तेव्हा समजावलं होतं, "आणि आठवणीची खुंटी म्हणजे दुसरं माणूस. प्रत्येक ओळीला एक मुख्य माणूस हवा."

यंत्र कधी कधी चुकतं, मावशीच्या जागी आत्याला बसवतं. म्हणून सगळ्या ओळी घरच्यांनी आधी तपासून द्यायच्या, हा नियम. ते काम हर्षालीनं अंगावर घेतलं. अनिरुद्धला लांबून जमणार नव्हतं, आणि आई जाऊन चार वर्षं झाली होती. शिवाय हर्षाली कॉलेजच्या परीक्षा विभागात काम करायची. हजारो पोरांचे निकाल रोज तिच्या हाताखालून जायचे. ओळी आणि रकाने हे तिचं रोजचं दळण.

हॉस्पिटलनं विचारलं, माहिती कोणत्या क्रमानं देऊ? तारखेनं, जागेनं की नावानं? परीक्षा विभागातल्या माणसाला हे विचारायचंच नसतं. निकाल अकारविल्हे लागतो. तिनं नावानं मागितली, म्हणजे एकेका माणसाचं एकदम तपासून होईल. ऑफिसातल्या जुन्या मशीनवर, रोजच्या स्प्रेडशीटमध्ये फाइल उघडली. उघडताना कसलीशी सूचना आली की फाइल पूर्ण भरता आली नाही. असल्या सूचना दिवसातून दहा वेळा येतात. तिनं 'ठीक आहे' दाबलं.

पंधरा दिवस ती रात्रंदिवस खपली, पानंच्या पानं नजरेखालून घालत, खटकेल तिथेच थांबत. अनिरुद्ध, आत्या, उज्ज्वला म्हणजे आई, दत्तूमामा, असं करत करत ती 'स'पर्यंत आली. बाबांचे मित्र संपतकाका साळुंखे यांच्या ओळी चालू असताना फाइल संपत आली होती आणि डोळ्यांची आग होत होती. राहिले कोण, तर एक-दोन नातेवाईक आणि शेवटी आपण. स्वतःचं काय तपासायचं? आपल्या ओळी बरोबरच असणार. तिनं फाइल साठवली, सही केली आणि पाठवून दिली.

आता डॉक्टर जमादारांनी तीच फाइल पडद्यावर उघडली आणि खाली, अगदी तळाला नेली. शेवटच्या ओळीचा क्रमांक होता दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर. त्याखाली काही नव्हतं, आणि काही असूच शकत नव्हतं. जुन्या स्प्रेडशीटमध्ये ओळीचा क्रमांक लिहायला वीसच खटके दिलेले आहेत, प्रत्येक खटका चालू नाहीतर बंद. वीस खटक्यांच्या जितक्या जुळण्या होतात तितक्या ओळी, त्यापुढे कागदच नाही. बाबांच्या ओळी अकरा लाखांच्या वर होत्या. कागद संपला तो संपतकाकांच्या मधोमध. त्यांच्यानंतर सुलभाताई, सोपानमामा, आणि सगळ्यांच्या शेवटी 'ह'.

"म्हणजे मीच," हर्षाली म्हणाली.

पुन्हा करता येईल का, हे तिनं दोन दिवसांनी विचारलं. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. मूळ माहिती होती, सगळी. पण नव्या गाठी जुन्यांच्या मध्ये घुसवता येत नाहीत. आधी मारलेल्या सगळ्या सोडवाव्या लागतात आणि पहिल्यापासून सुरू करावं लागतं. या वयात मेंदू दुसऱ्यांदा किती धरेल याचा भरवसा नाही. निम्मं येईल, कदाचित काहीच नाही. आणि तोपर्यंत तिनं त्यांच्यापुढे मुलगी म्हणून हट्ट धरायचा नाही, कारण मन गोंधळलं की कच्च्या गाठी सुटायला लागतात. घरात कोणीतरी आपली काळजी घेणारी बाई आहे, एवढंच त्यांना राहू दे.

अनिरुद्धनं जाण्याआधी बाबांना सांगितलं की या ताई आता इथेच राहतील, सगळं बघतील. बाबा म्हणाले, फार उपकार झाले. दारात अनिरुद्ध बहिणीला म्हणाला की पुन्हा त्या यंत्रात घालायचं की नाही ते तूच ठरव, मी तुझ्या शब्दाबाहेर नाही. त्याला बाबा ओळखत होते. त्याला असं म्हणणं सोपं होतं.

मग सुरू झालं ते बिनओळखीचं राहणं. बाबा तिला अहो-जाहो करायचे. ती खोलीत आली की पाय खाली घ्यायचे, बनियनवर असले तर शर्ट चढवायचे. चहा दिला की "कशाला त्रास घेतलात" म्हणायचे. ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहायची आणि पदार्थ करपेपर्यंत तिला भान नसायचं. स्वतःच्या घरात आपण पाहुण्या झालो याचं दुःख तिला होतंच, पण त्याहून जास्त जळायचं ते आपल्याच हातानं झालं याचं.

संपतकाका रोज यायचे. ते अर्धे आत राहिले होते आणि अर्धे बाहेर. त्यांच्या ओळी तारखेनं लागलेल्या होत्या, बाबांना ते सात वर्षांपूर्वीपर्यंतचेच ठाऊक होते, त्यामुळे बाबा रोज त्यांच्या बायकोबद्दल विचारायचे, वहिनी कशा आहेत? वहिनींना जाऊन सहा वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी काकांनी विषय बदलला. मग ते "बरी आहे, तुझी आठवण काढते" असं सांगायला लागले. एकदा जाताना ते हर्षालीला म्हणाले की खरं सांगू, पोरी, मला ते बरंच वाटतं, दिवसातून एकदा तरी ती बरी असते.

श्रावणात बाबांचं काहीतरी बिनसलं. जेवताना हात थांबायचा. दोन्ही तळवे उताणे करून, मांडीवर ठेवून, त्यांच्याकडे बघत बसायचे. कोणाशी तरी बोलल्याशिवाय राहवेना तेव्हा, संध्याकाळी दिवेलागणीला, त्यांनी तिला समोर बसवलं. घरच्या माणसाला सांगायचं नाही ते परक्याला सांगता येतं, तसं.

"ताई, माझ्या हातून एक पोर गेलंय."

मग त्यांनी सांगितलं. कृष्णेचा घाट आहे. आपण छातीभर पाण्यात उभे आहोत, दोन्ही हात पुढे, पाण्याखाली. हातांवर वजन आहे. चांगलं वजन आहे, आठ-नऊ वर्षांच्या पोराचं असावं तेवढं. पण हातांवर कोणी नाही. नुसतं पाणी. पायऱ्यांवर उज्ज्वला उभी आहे, खांद्यावर टॉवेल, हातात लहान फ्रॉक, आणि ओरडतेय, सोडू नका हो, सोडू नका. आणि मी हात काढून घेतो. मुद्दाम काढून घेतो, ताई. मग उज्ज्वला रडते. तोंडाशी टॉवेल धरून रडते. त्यापुढे काही नाही.

"पोरगी होती. नाव आठवत नाही. अन्याला माहीत नसावं, नाहीतर तो मला बाबा म्हणाला नसता."

हर्षालीनं ओळखलं, ते पोर म्हणजे आपणच. ती सकाळ तिला पाठ होती. बाबांनी हात काढून घेतले, ती गटांगळी खाऊन वर आली आणि सपासप हात मारत पलीकडच्या दगडापर्यंत पोहत गेली. आई आनंदानं रडली होती. त्यानंतर तिघांनी घाटावर भजी खाल्ली होती. पण ती ओळ आईच्या नावावर नोंदली गेली होती, म्हणून आई आली, बाबा आले, पाणी आलं. पोहणारी तेवढी आली नाही, तिची खुंटीच बाहेर राहिली होती. रिकामी जागा मनाला सोसत नाही. बाबांच्या मनानं त्या जागी जे बसत होतं ते बसवलं.

ती आत गेली आणि त्याच दिवशीचा फोटो घेऊन आली. ओल्या केसांची, पुढचा दात पडलेली मुलगी बाबांच्या खांद्यावर. ती बुडली नाही, ही बघा, हे तिला म्हणायचं होतं. पण बाबांनी फोटो हातात घेतला आणि त्यांचा चेहरा असा झाला की तिला डॉक्टरांचं बजावणं आठवलं.

"तुम्हाला कुठे सापडला हा? हीच असणार. देवा, एवढीशी होती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो फोटो चौकटीत घालून आणला, भिंतीवर आईच्या फोटोशेजारी लावला आणि त्याला चंदनाचा हार घातला. हर्षाली केर काढताना त्याच्याखालून जायची. पहिल्या काही दिवसांत ती तिकडे बघायचं टाळायची. मग बघायला लागली. हार घातला की जिवंत माणसाचा फोटोही वेगळा दिसायला लागतो. ती पोर तिला खरंच गेलेली वाटायला लागली, आणि एकदा तर तिनं फोटोपुढे उदबत्ती लावून टाकली, मग दचकून विझवली.

गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात ती कामावर असताना फोन आला. बाबा घाटावर गेले होते. नदी दुथडी भरून वाहत होती, पाणी गढूळ, आणि ते कपड्यांसकट आत उतरले. बुडी मारून वर येत, श्वास घेत, पुन्हा बुडी मारत होते. घाटावरच्या पोहणाऱ्यांनी ओढून काढलं. जुना पोहणारा म्हणून तग धरला. घरी आणलं तेव्हा ते थरथरत होते, नखांत चिखल होता, आणि एकच म्हणत होते की खाली हाताला काहीतरी लागलं होतं.

आता मात्र काहीतरी करणं भाग होतं. पुन्हा उतरले तर हाती लागणार नाहीत, हे डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. हर्षालीनं हॉस्पिटलला कळवलं की सोमवारी आणते, सगळं पुसा आणि पुन्हा करा. मला ओळखू देत किंवा कोणालाच ओळखू देऊ नका, पण हे नको. खरं सांगायचं तर तिच्या मनात रागही होता. सगळ्यांना आठवतात आणि मीच नाही, तर मग सगळेच जाऊ देत, असा क्षणभर विचार येऊन गेला आणि तिला स्वतःची लाज वाटली.

रविवारी सकाळी ती त्यांचे कपडे भरत होती. बाबा पलंगावर बसून आईबद्दल बोलत होते. ते रोजच बोलायचे. उज्ज्वला आमटीत गूळ जास्त घालायची आणि वर मलाच विचारायची की आंबट झाली का. झोपेत माझी करंगळी धरायची. दवाखान्यात शेवटच्या दिवशी म्हणाली, पंखा बंद करा, मला तुमचा आवाज ऐकू येत नाही. हे शेवटचं हर्षालीनं कधी ऐकलं नव्हतं. त्या वेळी ती औषधं आणायला गेली होती, आणि तिनं तपासलेल्या ओळींतही ते कुठे नव्हतं; गाठीबरोबर ते बाबांच्या डोक्यातून आपसूक वर आलं होतं. आईच्या तोंडून ऐकलेलं ते वाक्य आता जगात एकाच डोक्यात होतं, आणि ते डोकं ती उद्या पुसायला नेणार होती. तिनं पिशवीतले कपडे काढून पुन्हा कपाटात ठेवले.

त्या दिवशी बाबांनी तिच्याकडे एक मागणं मागितलं. पितृपंधरवडा लागलाय. पोरीची तिथी माहीत नाही, पण ज्यांची तिथी माहीत नसते त्यांना सर्वपित्रीला पाणी देतात. तिला कोणी दिलं नसणार. म्हणून ती पाण्याखाली वाट बघतेय. "तुम्ही बरोबर याल का, ताई? मला एकट्याला जमणार नाही."

ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

अमावास्येला घाटावर गर्दी होती. संपतकाकाही आले होते, मागे उभे होते. पाणी ओसरलं होतं, पायऱ्यांवर गाळ चकाकत होता. गुरुजींनी दर्भ दिले, तीळ दिले, गोत्र विचारलं. बाबांनी सांगितलं. मग गुरुजींनी विचारलं, नाव?

बाबांनी मान वर केली. ओंजळीतलं पाणी बोटांतून गळायला लागलं. त्यांनी केविलवाणं होऊन हर्षालीकडे पाहिलं, आणि तिला कळलं की हे नाव दुसरं कोणी देऊ शकत नाही. खोटं नावही चाललं असतं, गुरुजींना काय कळणार होतं. पण या माणसाचं सगळं पाणी भलत्याच पोरीला गेलं असतं, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

"हर्षाली," ती म्हणाली.

संपतकाकांनी तोंड फिरवलं. बाबांनी ओंजळ पुन्हा भरली आणि तीन वेळा, एकेक अक्षर जपून, तिचं नाव घेऊन पाणी सोडलं. आजारपणानंतर पहिल्यांदाच ते नाव त्यांच्या तोंडून तिनं ऐकलं. ती हात जोडून उभी होती. आपल्याला वाहिलेलं पाणी आपल्या पायांवरून वाहत नदीत जातंय, हे ती बघत होती.

वर आल्यावर बाबा पायरीवर टेकले. कित्येक आठवड्यांनी त्यांचे खांदे सैल झाले होते. मग ते कपाळाला आठी घालून तिच्याकडे वळले.

"हॉस्पिटलात त्या दिवशी तुम्ही तुमचंही हेच नाव सांगितलं होतं. हो ना?"

आत्ता आपण खरं सांगितलं तर काय होईल, आणि नाही सांगितलं तर काय होईल, हे सगळं एकदम हर्षालीच्या डोळ्यांपुढून गेलं. डॉक्टरांनी बजावलेलं होतं. बाबांचा चेहरा इतका शांत होता.

"हो," ती म्हणाली. "माझंही हेच."

त्यांनी मान हलवली. हे त्यांना पटलं, आवडलंही. ते म्हणाले, "मग आजपासून मी तुला नावानंच हाक मारीन. चालेल ना गं? तुला मारली की तिलाही पोचेल." आणि उठायला त्यांनी हात पुढे केला. तिनं तो धरला.

त्यानंतर बाबा पुन्हा कधी नदीत उतरले नाहीत. जेवायला लागले, झोपायला लागले, संपतकाकांशी भांडायलाही लागले. घरात दिवसभर तिच्या नावाचा पुकारा असतो. हर्षाली, चष्मा कुठंय. हर्षाली, दूध उतू जातंय बघ. लोकांना वाटतं, म्हातारा सुधारला, पोरीला ओळखायला लागला. अनिरुद्धलाही तसंच वाटतं आणि ती त्याला तसं वाटू देते.

फक्त हाक आली की ती लगेच ओ देत नाही. हातातलं काम थांबवते आणि क्षणभर कान देऊन उभी राहते, दुसरीला आधी जायचं असेल तर जाऊ दे म्हणून. घरात काही हललं नाही की मग ती ओ देते.